जप्त केलेली कॅसेट

परवा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. ते गणित शिकवायचे, मी इतिहास. एकाच शाळेत आम्ही अठरा वर्षं काढली. तब्येत, पाऊस, सोयाबीनचा भाव असं सगळं बोलून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. नातू सुट्टीला आलाय. कानात ते बोंडूक घालून दिवसभर इंग्रजी गाणी ऐकतो. मागं कोल्डप्ले का काय ते ऐकायला नव्या मुंबईपर्यंत जाऊन आला. त्याच्याशी बोलायला दोन शब्द तरी पाहिजेत ना? तुम्ही ऐकता म्हणे असलं. कुठून सुरुवात करावी माणसानं?"

(कोल्डप्ले ही लंडनची मंडळी. २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी काय झुंबड उडाली होती ते पेपरात वाचलं असेलच.)

मी म्हटलं, फोनवर नको, लिहूनच देतो. तेच आज लिहितोय. पण हे लिहायचं तर आधी एका कॅसेटची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही माझ्या बढाईची नाही.

साल १९८९. नळदुर्गच्या बाजूला एका खेड्यातल्या हायस्कुलात मी होतो. दहावीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास, दुसरं महायुद्ध चाललेलं. मागच्या बाकावर काहीतरी हातोहात फिरत होतं. मी जाऊन हिसकावून घेतलं. कॅसेट निघाली. नव्वद मिनिटांची, घरी भरून घेतलेली, वर बॉलपेननं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'पिंक फ्लॉइड – द वॉल'. गुलाबी काय आणि भिंत काय, मला काहीच बोध होईना.

"काय आहे हे?"

"सर, इंग्रजी गाणी हायेत. दादानं पुण्याहून आणलीया."

तेवढ्यात शेजारचं एक पोरगं पुटपुटलं, "सर, मास्तरला शिव्या हायेत त्यात." वर्ग हसला.

वर्ग हसला हेच खरं कारण. त्या पोराच्या हातावर मी चार छड्या ओढल्या. चौथी जरा जोरातच बसली. त्यानं हात काखेत दाबला, पण रडला नाही. कॅसेट माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेली. वर्ष संपलं, पोरगं पास होऊन गेलं, कॅसेट मागायला आलं नाही. मीही दिली नाही. पुढं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या शाळेच्या भिंतींना तडे गेले, वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागले, तेव्हा टेबलातलं सगळं सामान एका पिशवीत भरून मी घरी आणलं. त्यात ती कॅसेट आली. ऐकली मात्र नाही.

का ऐकली नाही? याचं उत्तर द्यायला इतिहासातच शिरावं लागेल.

आमचा हा मुलूख म्हणजे परकं गाणं न ऐकणाऱ्यांचा मुलूख मुळीच नव्हे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. माझे वडील उर्दूतून शिकले. त्यांना मोडी यायची, उर्दू यायची आणि गझल ऐकली की डोळे मिटायचे. धाराशिवला ख्वाजा शम्सुद्दीन गाजींच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकायला बसणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक असत. इकडं नळदुर्ग-उमरग्याकडं कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळं कानडी भजनं जन्मापासून कानावर. भीमसेन जोशींची दासवाणी लागली की आमच्याकडचा एकही माणूस 'शब्द कळत नाहीत, बंद करा' म्हणत नाही. मग इंग्रजी गाण्यालाच काय झालं होतं?

माझं मत असं की, इंग्रजी ही आमच्यासाठी गाण्याची भाषाच नव्हती. ती नापास होण्याची भाषा होती. पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची आणि मॅट्रिकला निम्मा वर्ग त्याच विषयात आडवा व्हायचा. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून.) उर्दू, कानडी ह्या शेजारच्या भाषा. इंग्रजी ही साहेबाची, कलेक्टर कचेरीची, आणि पुढं पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटवाल्यांची. त्या भाषेत कुणी प्रेमानं गात असेल, रडत असेल, हे डोक्यातच येत नसे. रेडिओवर श्रीलंका स्टेशन लावायचो आम्ही. १९५२ नंतर केसकर नावाच्या आपल्याच मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना वेसण घातली, तेव्हा सगळा देश सिलोनकडं वळला. बिनाका गीतमाला संपून चुकून काटा पुढं सरकला आणि इंग्रजी गाणं लागलं, की वडील म्हणायचे, "काढ ते, सेल उतरतील." बस्स, तेवढाच काय तो आमचा पाश्चात्त्य संगीताचा संस्कार.

२००८ साली निवृत्त झालो. घर आवरताना कॅसेट हाती लागली. मुलगी दिवाळीला आली होती, तिचा जुना टेपरेकॉर्डर माळ्यावर होता. तिनं कॅसेट पाहून भुवया उंचावल्या. "बाबा, तुमच्याकडं 'द वॉल'?" मी काही बोललो नाही. लाव म्हटलं.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मला फक्त गोंगाट ऐकू आला. मग एकदम एक हेलिकॉप्टर, एक माणूस ओरडतोय, आणि त्यानंतर लहान पोरांचा कोरस. शंभर पोरं प्रार्थनेला उभी राहून गावीत तसा. सूर अगदी शाळेचा. मुलीनं शब्द छापून दिले, मी शब्दकोश घेऊन बसलो. पोरं मास्तरला सांगत होती की, आमचा नाद सोडा. असल्या शिक्षणाची आणि असल्या धाकाची आम्हांला गरज नाही. आणि मास्तर, तुम्हीसुद्धा त्या भिंतीतली एक वीटच आहात. त्याच्या आधीच्या गाण्यात तर असं आहे की, जे मास्तर वर्गात पोरांना घालूनपाडून बोलतात, त्यांना घरी बायका सडकून काढतात. (हे मात्र मी सौ.ला वाचून दाखवलं नाही.)

तर ते पोरगं पुटपुटलं होतं ते खरंच होतं!

मग इतिहासाच्या मास्तराला जी सवय असते ती लागली. कोण, कुठला, केव्हाचा? 'द वॉल' आला १९७९ च्या शेवटी. गाणी बहुतेक रॉजर वॉटर्सची. कोरस गाणारी पोरं खरोखरच एका शाळेची, लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेची. तिथले संगीत शिक्षक अ‍ॅलन रेनशॉ यांनी तेवीस मुलांना स्टुडिओत नेलं. गाणं इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. मुलांना मात्र त्यातलं काही मिळालं नाही. मोठी झाल्यावर, २००४ साली त्यांच्यातल्या काहींनी हक्क सांगितला. १९८० साली दक्षिण आफ्रिकेतले काळे विद्यार्थी हेच गाणं म्हणत शाळांवर बहिष्कार घालू लागले, तेव्हा तिथल्या गोऱ्या सरकारनं त्यावर बंदी आणली. आणि लक्षात घ्या, गाणं निघालं त्या वेळी इंग्लंडच्या शाळांतही छडी चालत होती. सरकारी शाळांतून ती गेली १९८७ साली. आपल्याकडं शिक्षण हक्काच्या कायद्यानं तिला बंदी केली, तो कायदा २००९ चा.

पण मला गप्प केलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. रॉजर वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे शाळामास्तर होते. आईही शिक्षिका. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले, १९४४ साली, इटलीतल्या अँझिओच्या लढाईत. रॉजर तेव्हा अवघा पाच महिन्यांचा. 'द वॉल'मधली पहिली वीट म्हणजे तो न पाहिलेला बाप. मी त्या दिवशी फळ्यावर दुसरं महायुद्धच लिहीत होतो. नॉर्मंडी, स्टॅलिनग्राड, हिरोशिमा. ज्या पोराला मारलं त्याच्या हातात त्या युद्धात मेलेल्या एका मास्तरच्या अनाथ पोरानं लिहिलेली गाणी होती. तेव्हा कॅसेट लावून धडा शिकवला असता तर... असो.

त्यानंतर मी रीतसर ऐकायला लागलो. आणि एक नकाशा तयार झाला. लंडन-अमेरिकेचा नव्हे, आपल्या महाराष्ट्राचा. हे संगीत आपल्या दारावरून गेलं होतं आणि आम्हांला पत्ता नव्हता.

पहिलं ठिकाण पाचगणी. आपण महाबळेश्वरला जाताना टेबललँडवर घोडा आणि स्ट्रॉबेरी यापलीकडं बघत नाही. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकाच्या मध्यात फारुख बलसारा नावाचं आठ-नऊ वर्षांचं पारशी पोरगं झांझिबारहून बोर्डिंगात आलं. तिथंच पियानो शिकलं, आणि १९५८ साली वर्गमित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या समारंभात हे बारा-तेरा वर्षांचे वादक. पुढं झांझिबारात १९६४ साली क्रांती झाली, घरदार लंडनला गेलं, आणि १९७० साली त्यानं तिघांबरोबर 'क्वीन' हा बँड उभा केला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. १९९१ साली एड्सनं गेला.

सहकारी मित्राला माझा सल्ला असा की, क्वीनचं 'लव्ह ऑफ माय लाइफ' आधी ऐका. मुख्यतः गळा आणि पियानो. आवाजाची जात कळली की मगच 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला हात घाला. १९७५ चं हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. त्यात ध्रुवपद नाहीच. आधी कबुली, मग ऑपेराची गंमत, मग दणदणाट, आणि शेवटी सगळं विझत जातं. मधल्या भागात एक अरबी शब्द येतो, तो मराठवाड्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच!

दुसरं ठिकाण मुंबई, आणि साल १९६८. बीटल्सचे चौघे लिव्हरपूलचे. पैकी जॉर्ज हॅरिसनला सतारीचं वेड लागलेलं. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्यानं ती प्रथम वाजवली, १९६६ साली पंडित रविशंकरांकडं शिकायला मुंबईत आला. १९६८ च्या जानेवारीत तो परत आला आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशीष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वादनही झालं, त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गळा नंतर लंडनला चढवला. शब्द चिनी 'ताओ ते चिंग'वरून घेतलेले, वाद्यं मुंबईची, आवाज लिव्हरपूलचा. बीटल्सच्या तबकडीच्या मागल्या बाजूला ते मार्च १९६८ मध्ये आलं. मी तेव्हा कॉलेजात सिंधुसंस्कृतीच्या नोट्स उतरवत होतो.

नव्या माणसानं बीटल्सपासूनच सुरुवात करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गाणी दोन-तीन मिनिटांची, चाली अशा की दुसऱ्यांदा ऐकताना ओठांवर येतात. 'यस्टरडे' घ्या. बँडमधला एकटा पॉल मॅकार्टनी गिटार घेऊन गातो, सोबत चार व्हायोलिन कुळातली वाद्यं. मग हॅरिसनचं 'हिअर कम्स द सन'. ते सकाळी ऐकावं, हिवाळ्यात, अंगणात खुर्ची टाकून. मग 'नॉर्वेजियन वुड'. इतकं झालं की तुमची भीड मोडली म्हणून समजा.

तिसरी घटना मला फार गमतीची वाटते. १९७२ साली 'लेड झेपलिन' या त्या काळच्या बलाढ्य बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, आणि आपल्या सिनेमातल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही स्वतःचीच दोन गाणी नव्यानं वाजवून घेतली. ही ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली कधी, तर २०१५ साली! मुंबईत असताना कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या नाचघरात ते दोघं सहज वाजवायलाही बसले होते. समोर बसलेल्या पोरांची काय अवस्था झाली असेल! या बँडचा मोठा दणका मला आजही सोसत नाही, हे कबूल करतो. पण 'स्टेअरवे टू हेवन' ऐका. आठ मिनिटांचं आहे. बासरीसारख्या वाद्यानं आणि गिटारच्या अलगद छेडण्यानं सुरू होतं, ड्रम तर चार मिनिटं होऊन गेल्यावर येतो. विलंबित ख्यालातून द्रुतमध्ये जावं तशी चढण. ज्यांना आपल्या शास्त्रीय संगीताची बसक आहे, त्यांना हे गाणं पटकन पटतं.

मुंबईतल्या पोरांचेही बँड होतेच. 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरायची. सिमला ही सिगारेट, म्हणजे पैसा तंबाखूचा. मास्तर म्हणून मला ते खटकतं, पण १९७० आणि १९७१ च्या स्पर्धकांच्या तबकड्या निघाल्या म्हणूनच आज ते आवाज ऐकायला मिळतात. आणि या सगळ्यात आपला एक मराठी माणूस होता, नंदू भेंडे. बबन प्रभूंच्या फार्सांतले आत्माराम भेंडे तुम्हांला आठवत असतील, त्यांचा हा मुलगा. 'सॅव्हेजेस', 'वेल्वेट फॉग' अशा बँडांतून गायला. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात जूडास हा. आणि पुलंच्या 'तीन पैशांचा तमाशा'तही होता, १९७८ साली, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. नाट्यगीत, लावणी आणि इंग्रजी ठेका एकाच रंगमंचावर! त्यानं वाट पाडली होती, आम्ही त्या वाटेला गेलो नाही. २०१४ साली तो गेला.

नळदुर्गहून मुंबई साडेचारशे किलोमीटर. आमच्या फाट्यावरून रात्री मुंबईच्या गाड्या जायच्या. पण अंतर किलोमीटरचं नव्हतंच.

आता ऐकायचं कसं. रॉक म्हणजे काय, तर मुळात अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. कापसाच्या रानात राबणाऱ्या गुलामांच्या नातवंडांनी ब्लूज गायलं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरीत मन मोकळं करायचं. जात्यावरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. तेच गाणं शहरात गेलं, गिटारला वीज लागली, ठेका वाढला, आणि १९५०च्या दशकात रॉक अँड रोल झालं. लिव्हरपूल-लंडनच्या पोरांनी अमेरिकन तबकड्यांवर ते ऐकलं आणि उलट अमेरिकेला विकलं. पिंक फ्लॉइड हे नावसुद्धा पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांवरून घेतलेलं. म्हणजे तो 'गुलाबी' कुठलाच नव्हता!

तुळजापूरच्या गोंधळात काय असतं? संबळ, तुणतुणं, झांज आणि गाणारा. रॉकमध्ये ड्रम, बेस गिटार, गिटार आणि गाणारा. मी काय करतो ते सांगतो. पहिल्या वेळी गाणं नुसतं ऐकायचं, शब्दांच्या मागं लागायचं नाही. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. संबळवाल्याच्या हाताकडं बघावं तसं कान देऊन. तिसऱ्यांदा बेस. हे वाद्य मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, त्याला ते कानातलं बोंडूक लागतं. नातवाचं घ्या! चौथ्या खेपेला शब्द छापून समोर ठेवायचे. इंग्रजी गाताना ते शब्द खातात, तेव्हा ऐकून कळलं नाही तर आपण ढ आहोत असं समजायचं कारण नाही. त्यांच्या पोरांनाही कळत नाहीत.

आणि एक गंमत. ज्या संगीताला मी शाळेचं शत्रू समजत होतो, ते मास्तरांनी भरलेलं निघालं. 'पोलीस' या बँडचा स्टिंग आधी दोन वर्षं उत्तर इंग्लंडात प्राथमिक शाळेत शिकवत होता. हा बँड १९८० च्या मार्चमध्ये मुंबईत वाजवून गेला. त्यांचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लग्नात लावतात म्हणे, पण शब्द नीट वाचा, ते प्रेमगीत नाही, पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. 'डायर स्ट्रेट्स'चा मार्क नॉप्फ्लर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. त्याचं 'सुलतान्स ऑफ स्विंग' मला फार प्रिय. एका पबमध्ये म्हातारे वादक मन लावून वाजवताहेत आणि कुणाचं लक्ष नाही. दुपारच्या शेवटच्या तासाला शिकवलेल्या कुणालाही ते कळेल. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे लंडनच्या शाळेत गणित शिकवत होता. खगोलशास्त्राची अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्यानं २००७ साली, साठीला पूर्ण केली. (गणिताचे मास्तर, हे तुमच्यासाठी!)

रोलिंग स्टोन्स २००३ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर येऊन गेले. थोर आहेत, पण माझ्या पचनी पडत नाहीत. हेवी मेटल नावाच्या प्रकाराला मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा डोकं धरून उठलो. आणि या मंडळींच्या दारू-गांजाच्या कहाण्या आहेत त्या खऱ्या आहेत, त्यांत कौतुक करण्यासारखं काही नाही. कितीतरी पोरं तिशीच्या आत गेली.

पिंक फ्लॉइडपैकी 'द वॉल'ने सुरुवात करू नका. 'विश यू वेअर हिअर' घ्या, १९७५ चं. सुरुवातीला रेडिओचा काटा फिरवल्यासारखी खरखर, तुटक आवाज, आणि त्यातून लांबून एक गिटार. दुसरी गिटार खोलीत बसून तिला साथ देते. आमच्या पिढीच्या कानाला ती खरखर घरची आहे. मन हरवून बसलेल्या सिड बॅरेट या आपल्या जुन्या मित्राच्या आठवणीशी हे सगळं जोडलेलं.

आणि नातवाशी बोलायचं तर कोल्डप्लेचं 'विवा ला विदा'. २००८ चं. गादी गेलेल्या राजाचं मनोगत आहे. त्या अल्बमच्या वेष्टनावर देलाक्रवाचं ते झेंडा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे, फ्रान्समधल्या क्रांतीच्या धड्यात आपण दाखवायचो तेच. नातवाला म्हणावं, चल, तुला नळदुर्गचा किल्ला दाखवतो, आणि उपली बुरुजावर बसून ते ऐकू.

राहिली कॅसेट. २००९ साली चौकशी करत करत मी त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढला. सोलापुरात मोटार रिवायंडिंगचं दुकान. मला पाहून तो उठला, हात पुसले, पाया पडला. मी पिशवीतून कॅसेट काढून समोर ठेवली आणि म्हटलं, "ही तुझी. वीस वर्षं झाली. आणि त्या दिवशी मारायला नको होतं मी."

त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. ओळखायला थोडा वेळ लागला.

"दादाची बी नव्हती सर ही. त्याच्या रूमवरच्या पोराची. दादानं पगारातनं नवी घिऊन भरून दिली त्याला. मला लई बोलला."

"मग आता ऐक तरी. की तेव्हा पाठच झाली होती?"

"छ्या! म्या कुटं ऐकली सर? आमच्याकडं टेप कुटं हुता? नुसती दाखवाया आणली हुती पोरास्नी."

मला काही बोलता येईना. दुकानातला पोरगा चहा घेऊन आला. बाहेर ट्रकांचा आवाज चालू होता. मग त्यानंच विचारलं, "पण सर, खरंच मास्तरला शिव्या हायेत का त्यात?"

"आहेत," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि कॅसेट गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून त्यानं ड्रॉवर लोटला.